दारातला लिंब

आपल्या हॉस्टेलच्या गेटपासून मेसपर्यंत दोन्ही बाजूंना जी उंच, शिडशिडीत, पानं खाली लोंबणारी झाडं आहेत ना, त्यांना आपण सगळे ‘अशोक’ म्हणतो. तो खरा अशोक नव्हे! हे मला एका नर्सरीत, भर उन्हात, चार गिऱ्हाइकांसमोर नीट अपमान करून घेतल्यावर कळलं. तो किस्सा पुढे येईलच. आधी लिंबाचं सांगते, कारण सगळा घोळ लिंबापासून सुरू झाला.

मित्रांनो, मी कॉन्व्हेंटची. शाळेत मराठी आठवड्यातून चार तास, आणि त्या चार तासांव्यतिरिक्त मराठी बोललं की पाच रुपये दंड. त्यामुळे डॅफोडिल्सवरची इंग्रजी कविता मला आजही तोंडपाठ आहे, पण डॅफोडिल मी अजून डोळ्यांनी पाहिलेलं नाही. ‘एव्हरग्रीन’ म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर ख्रिसमस कार्डावरचं बर्फात उभं असलेलं त्रिकोणी झाड यायचं. राहायला कुठे, तर लातूरला! मे महिन्यात चाळीसच्या वर पारा, आणि बर्फ म्हणजे फक्त रसवंतीच्या गाड्यावरचा. तेव्हा माझ्या मराठीत चुका सापडल्या तर संपादकांनी (आणि रूममेट्सनी) सांभाळून घ्याव्यात. मराठी विभागासाठी लिहितेय म्हटल्यावर दोघी जणी आधीच हसून झाल्या आहेत.

तर २०२३ च्या दिवाळीत आमचं घर पूर्ण झालं. पप्पांनी बावीस वर्षं सरकारी क्वार्टरमध्ये काढली. तीस बाय पन्नासचा प्लॉट, पी.एफ.मधून काढलेले पैसे, वर बँकेचं लोन. शेवटी शेवटी तर खिडक्यांच्या ग्रिलला रंग द्यायचा की नाही यावर घरात चर्चा चालायची. तरीही पप्पांनी बारा हजार रुपये वेगळ्या पाकिटात ठेवले होते. ते पाकीट माझ्या हातात देऊन म्हणाले, “समोरची बाग तू कर. सिव्हिलला आहेस ना? हे तुझं पहिलं काम.”

मी फर्स्ट इयरला होते आणि नुकतंच ऑटोकॅड शिकले होते. नवीन शिकलेल्या माणसाचा आत्मविश्वास किती असतो ते तुम्हाला माहीतच आहे! ऑटोकॅडमध्ये झाड लावणं अगदी सोपं. एक हिरवा गोल असतो, तो उचलायचा, हवा तिथे ठेवायचा, स्केल द्यायचा, एंटर. त्या गोलाला पाणी लागत नाही, तो वाळत नाही, आणि मुख्य म्हणजे तो वाढत नाही. दहा वर्षांनी फाइल उघडा, तेवढाच गोल.

घरासमोर तीस बाय पंधरा फूट जागा. त्यातली गाडीसाठी सोडून उरली साधारण तीनशे चौरस फूट. मी प्लॅन काढला : गेटच्या दोन्ही बाजूंना दोन बॉटल पाम, कोपऱ्यात एक ख्रिसमस ट्री, कडेनं सोनेरी ड्युरांटाची किनार आणि मध्ये दोनशे चौरस फूट लॉन. प्लॅन काढण्याआधी ‘क्लायंट’च्या अपेक्षा विचारायच्या असतात असं वाचलं होतं, म्हणून वही घेऊन घरभर फिरले. आईला जास्वंद आणि कढीपत्ता हवा होता. पप्पा म्हणाले, गाडी वळली पाहिजे. आजी भाजी निवडत होती. ती म्हणाली, “मला काही नको बाई. दारात एक लिंब लाव, म्हणजे झालं.”

मी वहीत लिहिलं : आजी – लेमन, १ नग.

तुमच्यातल्या निम्म्यांना इथेच हसू आलं असेल. मला यायला सहा महिने लागले.

दिवाळीत लावलेली बाग दिसायला मात्र झकास होती हं! वास्तुशांतीला आलेले पाहुणे पामपाशी उभे राहून फोटो काढत होते. हा बॉटल पाम मूळचा मॉरिशसजवळच्या राउंड आयलंड नावाच्या चिमुकल्या बेटावरचा. गंमत बघा, त्याच्या मूळ जागी रानात तो जवळजवळ संपलाय, आणि इकडे आपल्याकडे हॉटेल, मंगल कार्यालय, पेट्रोल पंप, काही सोडलेलं नाही त्यानं. ख्रिसमस ट्री म्हणून नर्सरीत जे मिळतं तेही खरं ख्रिसमसचं झाड नसतंच. ते अरोकेरिया. त्यातला नॉरफोक पाइन ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला पॅसिफिक महासागरातल्या नॉरफोक बेटावरचा, आणि तिथे तो पन्नास मीटरच्या वर जातो. म्हणजे पंधरा मजली बिल्डिंग! मी त्याला तीन फुटांचा गोल दिला होता. त्याचा एक चुलतभाऊ आहे, कुक पाइन, नर्सरीत तोही याच नावानं खपतो. तो जगात कुठेही लावा, विषुववृत्ताकडे कलतो असं २०१७ साली संशोधकांनी मोजून दाखवलं. आपल्याकडे दक्षिणेला, ऑस्ट्रेलियात उत्तरेला. सर्व्हेच्या प्रॅक्टिकलला होकायंत्र हरवलं तर उपयोगी पडावा!

असो. २०२४ च्या मे महिन्यात पेपर संपवून मी घरी गेले. गेटमधून आत गेले तर समोर लॉन नव्हतंच. सुतळीसारखी पिवळी गवताची काडी आणि मध्ये मध्ये भेगाळलेली काळी माती. आई म्हणाली, “मार्चपर्यंत घातलं गं पाणी. मग बोअर आटायला लागलं. मीच बंद केलं.” तिनं हे इतक्या अपराधी सुरात सांगितलं की मलाच कसंतरी झालं. त्या रात्री मी वहीवर हिशोब मांडला, जो खरं तर प्लॅन काढायच्या आधी मांडायला हवा होता. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. आमच्याकडच्या उन्हाळ्यात गवताला दिवसाला पाच-सहा मिलिमीटर तरी हवं. लॉन साडेअठरा चौरस मीटर. म्हणजे रोज शंभर लिटरच्या आसपास. दोन दिवसांत एक बॅरल!

बॅरल हे माप आमच्या घरात उगाच आलेलं नाही. २०१६ मध्ये लातूरला प्यायला पाणी नव्हतं तेव्हा मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिली गाडी १२ एप्रिलला पोचली, पाच लाख लिटर घेऊन. ‘जलदूत’ नाव होतं तिचं. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते. टँकर आला की आमच्या वाट्याला एक बॅरल यायचं, आणि ते आई आठवडाभर पुरवायची. भांड्याचं पाणी फरशीला, फरशीचं पाणी संडासात. त्या बाईच्या दारात मी दोन दिवसांत बॅरल पिणारं गवत लावून आले होते, आणि ती बिचारी चार महिने मुकाट्यानं त्याला पाजत होती. लेकीनं प्लॅन काढला होता ना.

ख्रिसमस ट्रीच्या खालच्या फांद्या गरम वाऱ्यानं करपल्या होत्या. या झाडाचा वाईट गुण असा की खालची फांदी एकदा गेली की तिथे पुन्हा फुटत नाही. त्यामुळे ते आता झाड कमी आणि टोकाला हिरवा झुबका लावलेली काठी जास्त दिसतं. ड्युरांटा मजेत होता. पामही जिवंत होते, अगदी ठणठणीत. त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आजीची होती, आणि तिनं ती कधी केलीच नाही.

दुपारी लाइट गेली की स्लॅब तापतो. घरात बसवत नाही. तेव्हा आजी एक चटई घेऊन बाहेर यायची आणि भिंतीच्या सावलीत बसायची. सावली सरकली की चटई सरकवायची. पुन्हा सरकली की पुन्हा सरकवायची. मी दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या दिवशी म्हटलं, “आजी, पामच्या खाली बस की.” तिनं वर बघितलं. बॉटल पामला एका वेळी पानंच असतात चार-पाच. त्याची सावली मांजराला पुरत नाही. म्हणाली, “ह्याच्या बुडाला बसावं तर कसं, बाई? हे तर बघायचं झाड.”

“मग तुझ्या लिंबाखाली बस!” मी विनोद केला. लेमनचं रोप तेव्हा गुडघ्याएवढं होतं.

आजी हसली. मग सहज म्हणाली, “लिंब म्हणले होते मी. तू लिंबुनी आणलीस.”

लिंब म्हणजे कडुनिंब! आमच्याकडे सगळे लिंबच म्हणतात त्याला. बसस्टँडजवळचा लिंब, मारुतीच्या पारावरचा लिंब... हजार वेळा ऐकलं असेल मी. पण वही-पेन हातात घेतलं की माझं डोकं इंग्रजीत चालतं, त्याला काय करणार? मी विचारलं, “मग तेव्हाच का नाही सांगितलंस?” तर म्हणे, “तू हौसेनं आणलीस. लोणच्याला होतील की लिंबं.” आणि इतके दिवस ती रोज सकाळी तोंड धुतलेलं पाणी त्याच चुकीच्या झाडाला घालत होती.

रात्री गच्चीवर पप्पांना हे हसत हसत सांगितलं. ते हसले नाहीत. थोड्या वेळानं म्हणाले, “तुला लिंबाचं माहीत नाही का?”

आमचं मूळ गाव किल्लारीच्या बाजूचं. भूकंप झाला एवढं मला माहीत होतं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या आधी, गणपती विसर्जनाची रात्र. शाळेत त्यावर प्रोजेक्टसुद्धा केला होता मी, थर्माकोलचं घर करून! आता थर्ड इयरला अर्थक्वेक इंजिनीअरिंगमध्ये पण हाच भूकंप येतो : दगड-मातीच्या जाडजूड भिंती, वर मातीचं जड माळवद, बांधणीत कुठे दगडाला दगड धरून ठेवणारं काही नाही. जमीन हलली की भिंती फाटतात आणि सगळं माळवद खाली. आपण हे पाच मार्कांसाठी लिहितो. पप्पा त्या वेळी शिकायला लातूरला होते. दुपारी कसेबसे गावात पोचले, तर घर नव्हतं. घराच्या जागी दगडांचा ढीग, आणि अंगणात लिंब तसाच उभा. आजी त्याच्या बुडाला बसलेली. वरून पाऊस. पप्पांची धाकटी बहीण त्या रात्री गेली. तिचं नाव आमच्या घरात फारसं कुणी काढत नाही.

पुढचे किती तरी दिवस त्यांचं बिऱ्हाड लिंबाखालीच होतं. पत्रे मिळाल्यावरसुद्धा आजी पत्र्याखाली झोपायला तयार नसायची. नंतर सरकारनं जागा बदलून नवी गावं वसवली, सरळ रेषेतले रस्ते, एकसारखी घरं. त्या नव्या घराच्या दारात आजीनं पहिल्याच पावसाळ्यात लिंब लावला. आता तो घरापेक्षा उंच आहे. तो सोडून ती आमच्याकडे लातूरला राहायला आली होती.

पप्पा म्हणाले, “तिला घराचा भरवसा नाही. कुठल्याच. बाहेर पळून बसायला काहीतरी पाहिजे असतं तिला.”

मी दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजताच नर्सरीत. ठरवलं होतं, लिंब आणायचाच. पण वाटेत शहाणपणा सुचला की आजीला आणखी एखादं सावलीचं झाड घ्यावं. म्हणून आधी म्हटलं, “मामा, एक अशोक द्या, सावलीसाठी.”

“कुठला? खरा का खोटा?”

“ओरिजिनल द्या,” मी म्हटलं. झालं! तिथली दोन पोरं, एक काकू आणि मामा स्वतः, सगळे खो खो हसले. मग मामांनी शिकवणी घेतली. हॉस्टेलसमोरचा, शाळेसमोरचा, सगळ्या सरकारी ऑफिसांसमोरचा तो खोटा अशोक. काही ठिकाणी त्याला आसुपालव म्हणतात. सरळ वाढतो, जागा कमी खातो, म्हणून भिंतीला लावतात. आपली सावली तो आपल्याच पायाशी पाडतो. खरा म्हणजे सीतेचा अशोक. त्याला नारिंगी-लाल फुलांचे घोस येतात. पण त्याला ओल हवी, जरा आडोसा हवा. “तुमच्या दक्षिणेच्या दारात, लातूरच्या उन्हात तो रडंल,” मामा म्हणाले.

मग मी माझं नेहमीचं वाक्य टाकलं. “मला एव्हरग्रीनच पाहिजे. पानं गळायला नकोत, आईला झाडावं लागतं.” मामांनी चष्मा काढला. “पान गळत नाही असं झाड प्लॅस्टिकचं. सदाहरित म्हणजे सगळी पानं एकदम गळत नाहीत एवढंच. रोज थोडी गळतात. झाडणं काही चुकत नाही बाई.”

ते जे पुढे बोलले त्यानं माझ्या डोक्यातलं ख्रिसमस कार्ड खाली पडलं. म्हणाले, गुलमोहर बघ. दिसायला राजा. पण मार्च-एप्रिलमध्ये, जेव्हा माणूस सावलीला धावतो, तेव्हा तो खराटा झालेला असतो. लिंब थोडे दिवस पानं टाकतो, पण चैत्राला भरून येतो. म्हणजे बघा, बर्फाच्या देशात हिवाळ्यात काय हिरवं राहतं ते बघून झाड निवडतात. आपली परीक्षा वैशाखात! इतकी साधी गोष्ट, पण ती मला कुठल्या पुस्तकात भेटली नव्हती. पुस्तकंच त्या देशांतली ना सगळी.

मी म्हटलं, “मग लिंबच द्या.” मामांनी विचारलं, जागा किती, घरापासून लांब किती, माती कसली? मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. “काळी माती आणि बारा फुटांवर घर? तू इंजिनीअर ना? तूच सांग.”

हा माझा त्या दिवसातला दुसरा अपमान. पण तो मला समजला, कारण काळी माती आपल्याला सॉइलच्या लेक्चरला ओरडून ओरडून सांगितलेली असते. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, तळहात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्यात मोठं झाड पायाजवळ असलं की मुळं ओल ओढून घेतात आणि त्या बाजूची माती जास्त आकसते. घराचा एक कोपरा खाली बसतो, बाकीचे तिथेच. मग भिंतीला तिरकी भेग. फुगणाऱ्या मातीत झाड आपल्या पूर्ण वाढलेल्या उंचीएवढं तरी घरापासून लांब असावं, असा एक ढोबळ नियम आहे. लिंब पंधरा-वीस मीटर सहज होतो. आमच्याकडे एकूण प्लॉटच पन्नास फूट! खात्री करायला मी आमच्या सरांना फोन केला (सुट्टीत, सकाळी! सरांनी उचलला हे विशेष). सर म्हणाले, पाया खोल असेल तर एवढी भीती नाही, पण मी माझ्या घरापाशी लावणार नाही. छाटून छोटा ठेवता येईल का विचारलं, तर म्हणाले, येईल की, पण सावलीसाठी झाड लावायचं आणि सावलीच कापत बसायचं, हे कोणत्या डिझाइनमध्ये बसतं?

घरी आले. पप्पांना सांगितलं. पप्पा गप्प. त्यांचं दोन्हीकडून मरण. आई म्हणाली, लावू या लिंब, भेग पडली तर बुजवता येईल. मी म्हटलं, भेग बुजवता येते, पाया कसा बुजवणार? आवाज थोडे चढलेच. आजी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती हे कुणाला कळलंच नाही.

ती पप्पांना म्हणाली, “घराला धक्का बसायचा असंल तर नको लिंब.” आणि आत गेली.

ज्या बाईला घर पडेल म्हणून झाड हवं होतं, तिनंच घर पडू नये म्हणून झाड सोडलं. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. गणितात जिंकल्यावर इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं.

संध्याकाळी पुन्हा नर्सरीत. या वेळी मी काही मागितलं नाही, फक्त सगळं सांगितलं. मामा बराच वेळ कुंड्यांमधून फिरले आणि पाच फुटांचं एक रोप पुढे सरकवलं. बकुळ. बाराही महिने हिरवी, गोल गच्च डोकं, पान जाड आणि चकचकीत, एकदा रुजली की पाण्यासाठी फार रडत नाही. फूल चांदणीएवढं, पण वाळलं तरी वास जात नाही. मुळांचाही फार दंगा नाही. रानात तीही मोठी होते, पण बागेत सावकाश वाढते आणि छाटणी सोसते. साडेतीनशे रुपये. “फक्त एक आहे,” मामा म्हणाले, “हिला घाई केलेली चालत नाही. सावलीत बसायला आठ-दहा वर्षं धर.”

आजी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे.

हा हिशोब मामांनाही कळला असावा. कारण पैसे देताना त्यांनी मधुमालतीची एक वेल न विचारता पिशवीत टाकली. “हिला मांडव कर. ही दोन पावसाळ्यात झाकून टाकती. तोवर बकुळ मोठी होऊ दे.”

मग काय, माझ्या आयुष्यातलं पहिलं खरं बांधकाम झालं ते म्हणजे मांडव! घराच्या कामातल्या उरलेल्या सळ्या गच्चीवर गंजत पडल्या होत्या. वेल्डरला बोलावून आठ बाय आठचा सांगाडा उभा केला. डिझाइन माझं, आणि एक पाय अर्धा इंच आखूड आला तेही माझंच. लॉन उपटलं तिथे त्याचे पाय रोवले. ड्युरांटा निम्मा काढून तिथे कुंती लावली. हिला कामिनी पण म्हणतात, आपल्या कढीपत्त्याची जवळची नातेवाईक. हीपण सदा हिरवी, आणि पहिला पाऊस पडून गेला की काही दिवसांत एकदम पांढरी होते, संत्र्याच्या फुलांसारखा वास. पाम ठेवले. त्यांचा काय दोष? आणि एकेक पाम चौदाशे रुपयांचा होता.

बकुळीसाठी गेटच्या कोपऱ्यात, घरापासून सगळ्यात लांब, तीन बाय तीन बाय तीनचा खड्डा घेतला. काळी माती बाहेर काढली, लाल माती, शेणखत असं कालवलं. आजी काठी टेकत येऊन खड्ड्याच्या काठावर उभी राहिली. वाळवी लागू नये म्हणून मी एका पिशवीतून भुकटी टाकत होते. तिनं विचारलं, “ते काय टाकायलीस?”

“निंबोळी पेंड.”

“कशाची?”

“निंबोळीची गं. लिंबाची.”

आजीनं ओंजळ पुढे केली. मी थोडी पेंड तिच्या हातावर ठेवली. तिनं वास घेतला आणि स्वतःच्या हातानं ती खड्ड्यात सोडली. “बरं झालं,” म्हणाली. “कसा का होईना, आला लिंब दारात.”

या गोष्टीला दोन पावसाळे झाले. मधुमालतीनं मांडव झाकलाय. थंडीत जरा विरळ होते, पण उन्हाळ्यापर्यंत पुन्हा दाट. संध्याकाळी फूल उमलतं ते पांढरं, दुसऱ्या दिवशी गुलाबी, मग लाल, त्यामुळे एकाच घोसात तिन्ही रंग असतात. आजीची चटई आता सरकत नाही. दुपारी शेजारच्या दोन म्हाताऱ्यापण येतात, आणि माझ्या अर्ध्या इंच आखूड पायाखाली त्यांनी एक चपटा दगड सरकवलाय. मी मागच्या सुट्टीत तो काढून व्यवस्थित काँक्रीट करते म्हटलं, तर तिघींनी मिळून मला पिटाळून लावलं.

बकुळीला अजून फूल नाही. दर रविवारी फोनवर आजी मला तिची उंची कळवते. माप काठीचं. आधी काठीएवढी होती, मग “काठी आणि चार बोटं”, आता “काठी आणि वर एक वीत”. मी इथे हॉस्टेलवर लॅपटॉपमध्ये जुनी फाइल उघडून बकुळीचा गोल त्या मानानं मोठा करते. स्केल कमांड, एक पूर्णांक शून्य काहीतरी. रूममेट म्हणते, तुझं डोकं फिरलंय.

लिंबुनीला मात्र यंदा भरपूर लिंबं लागली. आजीनं लोणचं घालून बरणी पाठवली आहे. झाकणावर आईच्या अक्षरात चिठ्ठी आहे : “लिंबाचं. कडू नाही, असं आजीनं सांगायला सांगितलंय.” मेसच्या डाळीबरोबर फार छान लागतं. रूम नंबर २१४. बरणी अर्धी उरली आहे, यायचं असेल तर लवकर या.